भाटकाराची अठरा बिळं

गोल्फची पिशवी डोक्यावर चुंबळ घालून नेणारी बाई तुम्ही पाहिली नसणार. मी नेली आहे. हसा खुशाल, पण आधी एकदा ती उचलून बघा. चामड्याची, माझ्या कमरेएवढी उंच, आत अकरा दांडे, आणि खांद्याचा पट्टा कधीचाच तुटलेला. पट्टा तुटलेलं ओझं बाई घेणार कुठं? डोक्यावरच. भाटकार मागून ओरडत होता, "आडवी नको गो, उभी धर! लाकडांची मोळी काय ती?"

मी म्हटलं, "उभी धरली तर माझी मान तुमच्या आफ्रिकेत जाऊन पडेल."

भाटकार म्हणजे आमच्याकडे जमीनदार. हा मात्र नावापुरताच. त्याची शेतं कायद्यानं कुळांकडे गेली होती. मागं राहिलं होतं एक घर, थोडे माड, आणि सडा. सडा म्हणजे समुद्राच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. तो कुळांनी मागितला नाही, कारण त्यावर काही पिकत नाही, आणि सरकारनं मागितला नाही, कारण तेव्हा सरकारला अजून समुद्र दिसायला लागला नव्हता. आमचं घर सड्याच्या पायथ्याशी, त्याच्याच जमिनीत. सासूबाई त्याचं जेवण करायच्या. माझा नवरा डिचोलीकडं खाणीवर ट्रक चालवायचा, आठवड्याला एकदा घरी यायचा. म्हणजे भाटकाराला सांभाळायचं काम आम्हा दोघी बायकांचं. सासूबाई जिवंत होत्या तोवर म्हणायच्या, "तुझो घोव ट्रकार, आनी पोरग्यासारखो हो म्हातारो आमच्या कपाळार."

हा बावीस वर्षं मोंबासाला होता. गावात आफ्रिकार म्हणायचे त्याला. तिथं गोऱ्यांचा एक गोल्फचा क्लब होता, त्यात हा कारकून. कोण किती वाजता आला, कुणी किती फटक्यांत खेळ संपवला, हे वहीत लिहायचं. अक्षर मोत्यासारखं. त्या वह्यांबद्दल तो इतक्या अभिमानानं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं क्लब याच्या वडिलांनीच बांधला. एकदा माझ्या तोंडून निघालं, "मग तुम्ही पण खेळला असाल की तिथं."

"आमका गवतार पाय घालूची परवानगी नव्हती," तो म्हणाला. "आमच्यासाठी कडेची वाट. खडी घातलेली. बावीस वर्षांत एकदाही नियम मोडूक नाय मी!"

हे त्यानं अशा थाटात सांगितलं, जसं दुसरा कुणी पदक दाखवेल. मी लग्न होऊन आलेली नवी सून, मी काय बोलणार. सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "भलो मोठो मान दिलो हो तुमका."

टोमणा त्याला कळत नसे. कळला तरी तो उचलून खिशात ठेवायचा.

त्याचं एक वाक्य होतं: पडला तिथून मारायचा. गोल्फमध्ये म्हणे चेंडू चिखलात पडो, झुडपात पडो, उचलून सोयीच्या जागी ठेवायचा नाही. पडला तिथून मारायचा. हे वाक्य तो कशालाही लावी. कौलं गळायला लागली, पडला तिथून मारायचा. पोदेर आला नाही आणि सकाळी पाव मिळाला नाही, पडला तिथून मारायचा. मोंबासाहून परत आला तेव्हा बायको जाऊन चार महिने झाले होते आणि कुणी तार केली नव्हती. ते सांगतानाही हेच म्हणाला. त्या दिवशी मात्र सासूबाईंनी त्याच्या ताटात मासळीची एक तुकडी जास्त वाढली.

रोज सकाळी तो अंगणात फटक्यांचा सराव करायचा. मोंबासाहून आणलेले खरे चेंडू सहाच होते, ते मोज्यात गुंडाळून पेटीत. सरावाला उंडीची फळं. आमच्या अंगणाच्या कडेला उंडिणीचं झाड, गोल गुळगुळीत फळं टाकायचं. हा हाफ पँट घालून, लांब मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, एक एक फळ ठेवून फटका मारी. नेम समुद्राचा, फुटायचं आमचं कौल. सासूबाई बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवीत. तो टोपी काढून माफी मागे, आणि लगेच दुसरं फळ ठेवी.

त्याच वर्षांत गोव्यात भाषेवरून माणसं इरेला पेटली होती. कोकणी की मराठी. भिंती रंगल्या, भाऊ भावाशी बोलेनासे झाले, सभेला जाणारी माणसं भाटकाराच्या फाटकापाशी थांबून विचारायची, "भाटकारानू, तुम्ही खंयच्या बाजूचे?" यानं फाटकावर पाटीच लावली, सुंदर अक्षरात: या आवारात कोणतीही भाषा चालेल. फटका मारताना कोणतीच नाही. दोन्ही बाजूंची माणसं त्याच्यावर रुसली. मग गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, देवळात साखर वाटली, भाषणं झाली. यानं साखर तोंडात टाकली आणि पंचायतीच्या माणसाला विचारलं, "आता आपलं राज्य झालां म्हणजे गवत कापूचां यंत्र मिळतला काय?"

आता पत्राचं सांगते, कारण सगळी भानगड पत्रानं झाली.

क्लबात एक साहेब होता, सेक्रेटरी. गवताचा नियम त्याच्याच सहीचा. हा माणूस परत आल्यावरसुद्धा त्या साहेबाला दर नाताळला पत्र पाठवायचा. साहेब विलायतेला, म्हातारा झालेला. पत्रात काय लिहिणार? यंदा माड बरे आहेत, प्रकृती बरी आहे. एका वर्षी याच्या मनात काय आलं कोण जाणे, लिहून गेला की समुद्रावर माझं स्वतःचं अठरा बिळांचं मैदान आहे, फार रमणीय. पुढच्या वर्षी त्यात वारा घातला. त्याच्या पुढच्या वर्षी सूर्यास्त. साहेब काय हजारो मैलांवर. एवढं लांब खोटं बोललं तर ते खोटं राहत नाही असं त्याला वाटलं असेल.

एप्रिलात उत्तर आलं. ते पत्र त्यानं आमच्या सोप्यावर बसून वाचलं. सोपो म्हणजे दारापुढचा दगडी कट्टा. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं पाण्याचा कोप, म्हणजे पेला, मागितला.

"कोण गेलां?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलां नाय. येता," तो म्हणाला. "साहेब. डिसेंबरात. थेट गोव्याक विमान येता म्हणता आता विलायतेसून. म्हणता, आपण दोघे मिळून एक फेरी खेळूया."

"मग सांगा तेका, खोटां बोललंय म्हणून."

तो म्हणाला, "दोघे मिळून लिवलां हा गो त्यानं." आणि तो शब्द मला बोट ठेवून दाखवला. मला इंग्रजी कुठं येतं? पण बोट त्या शब्दावरून हलत नव्हतं, ते वाचता आलं.

दुसऱ्या दिवसापासून बेत सुरू झाला. बेत म्हणजे काय, लग्नाचा मुहूर्त काढावा तसा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सड्याचा नकाशा. कुठलं बीळ कुठं, तिथं दुपारी वारा कुठून, कुठला दांडा घ्यायचा, कुठं थांबून लिंबाचं सरबत. म्हशी लोळतात ती जागा त्यानं नकाशात पाण्याचा अडथळा म्हणून दाखवली. सगळ्यात जास्त विचार सातव्या बिळाचा. सड्याच्या मधून काळ्या खडपाची एक रांग जाते. गाडीवाट त्या रांगेच्या अलीकडून, कडेकडेनं. वाटेवरून समुद्र दिसतच नाही, खडप आड येतो. पण गवतातून चालत गेलं की सातव्या बिळापाशी खडप संपतो आणि एकदम सगळा समुद्र अंगावर येतो, पार तेरेखोलपर्यंत.

"साहेबाक आधी दर्या दाखवायचो नाय," तो सांगे. "सातव्या बिळापाशी दाखवायचो. थंय दोघांनी उभा रवायचां. पाच मिनटां. कोणी बोलायचां नाय."

आम्ही जन्मभर समुद्राजवळ राहिलेली माणसं. होड्या आल्या का बघायला आम्ही तिकडं बघतो. त्याच्यापुढं पाच मिनिटं गप्प उभं राहायचं असतं, हे आम्हाला आफ्रिकेहून आलेल्या माणसाकडून कळलं.

मे महिना संपता संपता त्यानं वेंगुर्ल्याकडचा एक मजूर बोलावून बिळं खणून घेतली. बीळ हवं होतं दुधाच्या पावडरीच्या डब्याएवढं. साहेब यायच्या वेळी त्यात डबे बसवायचे, असा बेत. पण पहार आणि कुदळ घेतलेल्या माणसाला डब्याएवढं कसं खणता येईल? सड्यावर जिथं माती सापडली तिथं त्यानं हातभर खोल, गोल, सुरेख खड्डे मारले. अठरा. आणि भाटकार दमा घेऊन घरात बसला. पावसात सड्यावर वीज पडते म्हणून तो चार महिने वर जायचाच नाही.

इथं माझी चूक. चूक म्हणायचं तर म्हणा.

मी लाटंबार्सेची. आमच्या गावात काजू आणि भात, तिसरं काही नाही. मिरगाच्या तोंडावर कुणी हातभर खड्डे मारून ठेवले, तर ते कशासाठी असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. भरलेल्या घरात रिकामं ताट मांडून ठेवावं, तसा तो रिकामा खड्डा डोळ्यांना टोचतो. मी सड्यावर शेणी गोळा करायला गेले, अठरा खड्डे बघितले आणि मला भरून आलं. वाटलं, म्हातारा शहाणा झाला! गोल्फबिल्फ सोडून काजू लावतो आहे. आणि बिया टाकायला विसरला, किंवा दम लागला म्हणून राहिलं. माहेरहून आणलेल्या बिया होत्या घरात. पाण्यात टाकल्या, बुडल्या त्या घेतल्या, तरंगल्या त्या भाजून खाल्ल्या. सकाळी ओटीत घेऊन गेले, एकेका खड्ड्यात माती परत ढकलली, दोन दोन बिया लावल्या, आणि कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, करायचं ते गुपचूप करावं.

पावसाळाभर तो जनेलात, म्हणजे खिडकीत, बसून वर बघायचा. सडा हिरवागार. "बघ गो, गवत! मोंबासाक पण असां नव्हता!" त्यानं साहेबाला लिहिलंसुद्धा, मैदान उत्तम स्थितीत आहे. सडा दिवाळीपर्यंतच हिरवा असतो, मग उन्हानं करपून पिवळा पडतो, हे त्या जमिनीच्या मालकाला ठाऊक नव्हतं. मालकांना अशा गोष्टी ठाऊक नसतात.

दिवाळी झाली आणि तो अठरा डबे पोत्यात घालून वर गेला. तासाभरानं पोतं तसंच घेऊन खाली आला. सोप्यावर बसला.

"लाटंबार्सेकरीण," त्यानं हाक मारली. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही, माहेरच्या गावावरूनच बोलवायचा.

"काय भाटकारानू?"

"सड्यार झाडां इल्यांत."

"किती?"

"बिळां होती तितकी."

"अठराही?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तेही हसत.

झालं. पुढं सांगायला काही उरलं नाही. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. घर त्याच्या जमिनीत, आणि सुनेनं त्याच्या साहेबाच्या फेरीचा असा सत्यानाश केलेला. "मी आत्ता जावन उपटून टाकतंय," म्हणत त्या कोयता शोधायला लागल्या. मी भिंतीला टेकून उभी. तो मात्र मोजे सरळ करत बसला होता.

"एक उपटूक धरलेलंय मी," तो म्हणाला. "मूळ सोडीना. मग मीच सोडलंय." थोड्या वेळानं म्हणाला, "नियमात बसता. वाटेत झाड इला तर झाड उपटूचा नाय. चेंडू झाडाक लागलो की बिळात गेलो, असां धरूया."

"आनी साहेब?"

"पडला तिथून मारायचा," असं म्हणून तो रिकामे डबे आम्हाला देऊन गेला. त्यांत मी कितीतरी वर्षं डाळ भरली.

डिसेंबरात साहेब आला. टॅक्सीतून उतरला तेव्हा मला वाटलं चुकीचा माणूस आला. ज्याच्या सहीला हा बावीस वर्षं भ्यायला, तो एवढासा, वाकलेला, उन्हानं लाल झालेला, कानाला यंत्र. सगळा गाव सड्यावर जमलेला. आमच्याकडं राखणदाराला विचारल्याशिवाय सड्यावर कुणी काम सुरू करत नाही. राखणदार म्हणजे जागेचा रखवाला देव, तिथं त्याचा दगड आहे. त्याला रोट, विडी, फेणीची बाटली ठेवली, आणि गावच्या मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"हो तुझो लेकरू आफ्रिकेसून इलो, तुझ्या सड्यार अठरा बिळां मारून बसलो!"

"व्हय म्हाराजा!"

"कित्याक मारल्यान ता तेका ठावक, आमका ठावक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"तरी तेचो चेंडू खडपात हरवू नये, पावण्याचो पाय मुरगळू नये, आनी काय वाकडा घडला आसात तर ता सरळ करून घे रे म्हाराजा!"

या वेळी साहेबसुद्धा टोपी छातीशी धरून ओरडला, "व्हय म्हाराजा!" टाळ्या पडल्या. देव प्रसन्न झाला की नाही माहीत नाही, गाव झाला.

मग साहेबानं माझ्या डोक्यावरच्या पिशवीतला एक दांडा ओढून घेतला, पिवळ्या गवतात पाऊल टाकलं आणि भाटकाराला हात केला, ये.

भाटकाराचा उजवा पाय उठला. गवताच्या वर थोडा वेळ राहिला. आणि परत वाटेवर आला.

मला वाटलं काटा दिसला असेल. पण साहेब पहिल्या झाडाकडं निघाला, आणि हा वाटेवरून, कडेकडेनं चालायला लागला. काखेत वही. तिथूनच ओरडून सांगत होता, वारा कुठला, दुसरं बीळ कुठं. साहेबानं दोनदा बोलावलं. यानं दोनदा हसून हात पुढं केला, तुम्ही चला, तुम्ही चला. आणि वहीत लिहिलं. वहीत दोन रकाने आखलेले मी स्वतः बघितले होते, एक साहेबाचा, एक याचा. एक भरत चालला होता. मी मधे, डोक्यावर पिशवी, गवतात जाऊ की वाटेवर राहू मला कळेना. एवढा बेत, एवढी झोपमोड, आणि आपल्याच जमिनीत या माणसाचा पाय खडीवरून हलत नव्हता. मला रागच आला.

सातवं बीळ आलं. साहेब खडपाच्या पलीकडं गेला, मान वर केली, आणि थांबला. टोपी काढली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही, बेतात लिहिलं होतं तसंच. फक्त भाटकार खडपाच्या अलीकडं, वाटेवर, पेन्सिल धरून उभा.

मग साहेबानं टोपी घातली, फटक्यासाठी दांडा उगारला, आणि तेव्हाच सासूबाईंचा संयम सुटला. सगळ्या गावादेखत ओरडल्या, "भाटकारानू! दर्या थंयसून दिसना मरे!"

त्या आवाजानं की काय, साहेब दचकला आणि त्याचा फटका वाकडा गेला. चेंडू झाड सोडून खडपावर आपटला, उडाला, आणि घरंगळत येऊन वाटेवर, नेमका भाटकाराच्या बुटापाशी थांबला. साहेबानं खूण केली, फेक इकडं.

भाटकार वाकला. हात चेंडूपर्यंत गेला. मग सरळ झाला आणि माझ्याकडं बघितलं. "उचलूचो नाय," तो म्हणाला, मला की स्वतःला कोण जाणे.

मी पिशवी खाली घेतली. दांड्यांची नावं मला येत नाहीत. रोज संध्याकाळी तो खोबरेल लावून पुसायचा तो लाकडी डोक्याचा दांडा मी त्याच्या हातात दिला. त्यानं वही कमरेला खोचली.

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. चेंडू खडपावरून गेला, साहेबाच्या डोक्यावरून गेला, सातव्या झाडावरून गेला. भाटकारानं दांडा टाकला आणि चेंडू कुठं पडतो ते बघायला धावत सुटला. दम्याचा माणूस, गवतातून, लांब मोजे वर करत, थेट कड्यापर्यंत. साहेबाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोघे खाली बघत होते. चेंडू समुद्रात गेलेला. मग त्यानं मान खाली घालून आपले बूट बघितले, बुटांखालचं गवत बघितलं, आणि सावकाश कमरेची वही काढून आपल्या रकान्यात एक लिहिलं.

पुढची अकरा बिळं खेळलीच नाहीत. दोघांनाही दम लागला होता. खाली येऊन त्यांनी आमच्या सोप्यावर माशाची आमटी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, खाल्ले. साहेब काहीतरी बोलला, मी विचारलं काय म्हणतो, तर भाटकार म्हणाला, "म्हणता, असो कसलो नियम मी केलेलो, माका आठवणा पण नाय." आणि आमटीत उंडा बुडवत राहिला.

त्या एका फटक्यावर तो उरलेली वर्षं जगला. दर वर्षी तो चेंडू थोडा पुढं पडत गेला. शेवटच्या दुखण्यात मोंबासाच्या अर्ध्या वाटेवर, अरबस्तानाच्या बाजूला पोचला होता. आम्ही कुणी तो मागं आणला नाही.

तो गेला. जमीन त्याच्या पुतण्यांकडं गेली, पुतणे मुंबईला. काजू मात्र माझे म्हणून गाव मला वेचू देतो. अठरा झाडं, ना रांगेत ना चौकोनात. नवा माणूस बघून चक्रावतो. मोप्याला विमानतळ झाल्यापासून नवी माणसं फार येतात. परवा एक आला, पांढरे बूट, बगलेत गुंडाळी. सोप्यावर उलगडून दाखवली. सडा हिरवागार, भर मे महिन्यात सुद्धा राहील म्हणे, अठरा बिळं, झेंडे, मागं समुद्र. मी विचारलं, आम्ही कुठून जायचं? माणूस चांगला होता, हसून म्हणाला, "आजी, तुमचा विचार केलाय ना. गाववाल्यांसाठी कडेनं छान वाट ठेवली आहे. इथून." आणि खडपाच्या अलीकडच्या रेघेवर बोट ठेवलं.

मी चष्मा लावला. ती रेघ नीट बघितली. मग त्याला विचारलं, "दर्या दिसता थंयसून?"

तो नकाशा फिरवून फिरवून बघत राहिला. मी काजू भाजायला आत गेले.